110 मैल, 94 लॉक आणि एक निवांत आठवडा

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात देते.

"माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू इंग्लंडमध्ये असतात. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे जातोय आणि सगळ्यांनी मिळून आठवडाभर कालव्यावरच्या बोटीत राहायचं ठरलंय. कल्पना माझीच. धावपळीच्या सहली पुष्कळ झाल्या, आता कुठेतरी शांतपणे जावं म्हटलं. पण ह्यांनी लगेच तक्ता केला. 'फोर काउंटीज रिंग' नावाची एक गोल फेरी आहे, ती सात दिवसांत पुरी करायची. रोज किती वाजता कुठे पोचायचं तेही लिहून ठेवलंय. मला पोहता येत नाही, गुडघे दुखतात. सून म्हणते, आई, तुम्ही फक्त बसा. मला नुसतं बसून राहायचंही नाही. ह्यांचा उत्साह मोडवत नाही आणि तो तक्ता बघवत नाही. काय करावं?"

प्रिय ताई,

तुमची कल्पना फार चांगली आहे, आणि तुमच्या यजमानांचा तक्ता पाहून तुम्हाला जे वाटलं तेही बरोबर आहे. तो तक्ता चुकीच्या मापाने केलाय, एवढंच. त्यांनी मैल मोजले. कालव्यावर मैलांबरोबर लॉकही मोजावे लागतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना फाटकं असलेली पाण्याची कोठी, तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर चढवतात, खाली उतरवतात.

तिकडचे बोटवाले एक साधा हिशेब करतात. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचं. जे येईल ते तास. फोर काउंटीज रिंग 110 मैलांची आहे आणि तिच्यावर 94 लॉक आहेत. बेरीज 204, तीनने भागले की 68 तास. आता आठवड्याची बोट हातात येते पहिल्या दिवशी दुपारी तीन-साडेतीनला, आणि शेवटच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास परत द्यावी लागते. मधे पुरे दिवस सहाच. म्हणजे रोज साडेदहा-अकरा तास बोट चालवायची, उभ्याने, पाऊस आला तरी. त्यात पाण्याची टाकी भरायला लागणारा वेळ धरलेला नाही, लॉकवरची रांग नाही, वाटेतल्या हेअरकॅसल बोगद्याच्या तोंडाशी थांबावं लागतं ते नाही. हा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आहे आणि एका वेळी एकाच दिशेने बोटी सोडतात. त्या बोगद्याजवळच मिडलविच ते किड्सग्रोव्ह या बारा मैलांत 31 लॉक लागतात. त्या चढाला बोटवाल्यांनी 'हार्टब्रेक हिल' असं नाव ठेवलंय. पाच-सहा दणकट माणसं हौसेने ही फेरी आठवड्यात करतात. ती करण्यात मजा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही जे मागताय ते त्यात मिळणार नाही.

हा भागाकार तुम्ही यजमानांना बोलून दाखवू नका. कागद-पेन्सिल त्यांच्या हातात द्या आणि आकडे त्यांनाच मांडू द्या. पाटबंधारे खात्यात हयात गेलेल्या माणसाला हिशेब पटतो.

आता माझं म्हणणं सांगते. गोल फेरी करूच नका. एकाच कालव्यावर जा आणि त्याच वाटेने परत या.

गोल फेरीत एकदा अर्ध्याच्या पुढे गेलात की मागे फिरण्यात अर्थ उरत नाही, पुढे जावंच लागतं. नातवाला ताप आला, दिवसभर पाऊस लागला, एखादं गाव आवडलं आणि तिथे अजून एक दिवस राहावंसं वाटलं, तरी तक्ता ऐकत नाही. जाऊन-येऊन करायच्या सहलीत तुम्ही कुठूनही परतू शकता. कालव्यावर ठरावीक अंतरावर बोट वळवण्यासाठी काठ कापून रुंद केलेल्या जागा असतात, नकाशात त्या दाखवलेल्या असतात. बुधवारी दुपारी वाटलं, पुरे, की पुढच्या रुंद जागेत बोट वळवायची. कोणाचं काही बिघडत नाही.

"तीच वाट दोनदा?" असं यजमान विचारतील. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण जाताना सगळं लक्ष टिलरवर, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावर असतं, पूल अंगावर आल्यासारखे वाटतात, समोरून बोट आली की पोटात गोळा येतो. येताना हात सरावलेला असतो. जाताना जे झाड सकाळच्या उन्हात पाहिलं ते येताना संध्याकाळी दिसतं, ज्या बाकावर बसायचं राहून गेलं होतं तिथे या वेळी थांबता येतं. शिवाय कुठे पाणी भरायचं, कुठे दुकान आहे, कुठे रात्री शांत असतं, हे सगळं माहीत झालेलं असतं.

कालवा कोणता घ्यावा, तर तुमच्यासाठी माझ्या मनात एकच नाव येतं. वेल्सच्या सीमेवरचा लँगॉलन कालवा. आणि बोट घ्यायची ती त्याच्या काठच्या ट्रेव्हर गावाहून. कारण यजमानांना जे बघायला हवंय ते तिथे पहिल्याच दिवशी समोर उभं राहतं.

ट्रेव्हरच्या धक्क्यावरून निघालात की लागलीच पॉन्टकसिल्टेचा जलसेतू. 1795 मध्ये काम सुरू झालं, 1805 मध्ये पुरं झालं. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप हे अभियंते. डी नदीच्या वर 38 मीटर उंचीवर, 307 मीटर लांब, ओतीव लोखंडाची एक पन्हळ दगडी खांबांवर बसवली आहे आणि त्या पन्हळीतून कालवा वाहतो. तुमची बोट त्या पन्हळीतून जाते. सांधे बुजवायला फ्लॅनेलचं कापड साखरेत उकळून वापरलं आणि वरून शिसं भरलं, असं तिथे सांगतात. मधोमध एक बूच आहे. दुरुस्तीच्या वेळी दोन्ही टोकं बंद करून ते काढतात आणि पन्हळीतलं सगळं पाणी धबधब्यासारखं खाली नदीत सोडतात. 2009 मध्ये युनेस्कोने हा सेतू आणि त्याच्याबरोबरचा 11 मैलांचा कालवा जागतिक वारशाच्या यादीत घेतला. यजमानांना एक गोष्ट मुद्दाम बघायला सांगा. माणसांनी चालायची वाट पन्हळीच्या बाजूला नाही, पाण्याच्या वर काढलेली आहे. म्हणजे बोट पुढे सरकली की तिने ढकललेल्या पाण्याला त्या वाटेखालून मागे जायला जागा मिळते. आयुष्यभर पाटाचं पाणी पाहिलेल्या माणसाला याचं मोल कळेल. रोज अकरा तास धावून त्यांना जे दिसलं असतं, त्यापेक्षा या एका पुलावर ते जास्त रमतील, अशी माझी खात्री आहे.

आता हेही स्पष्ट सांगते. त्या पन्हळीला चालायच्या वाटेच्या बाजूने कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. लोखंडाची कड पाण्याच्या जेमतेम वर असते आणि तिच्यापलीकडे सरळ दरी. बोट पडत नाही, पडूच शकत नाही, ती पन्हळीत बसलेली असते. पण उंचीची भीती असेल तर अंगावर काटा येतो. तुम्हाला तसं वाटलं तर बोटीतून उतरा आणि कठड्याच्या बाजूने चालत या. बोट चालण्याच्याच वेगाने जाते, तुम्ही बरोबरच पोचाल. नातू मात्र त्या वेळी आत किंवा पुढच्या खोलगट बैठकीत मोठ्या माणसाबरोबर बसलेला हवा, लाइफ जॅकेट घालून. आणि सेतूवर चढण्याआधी पलीकडून कोणी येतंय का हे बघायचं, कारण दोन बोटी मावत नाहीत.

ट्रेव्हरहून एका बाजूला लँगॉलन गाव आहे, चार-साडेचार मैलांवर. तिकडे जाताना पाणी समोरून येतं. हा कालवा बोटींच्या बरोबरीने पिण्याचं पाणीही वाहून नेतो, लँगॉलनच्या पलीकडे डी नदीवर टेलफर्डने बांधलेल्या अर्धवर्तुळाकार बंधाऱ्यातून ते पाणी आत घेतात. त्यामुळे वर जाताना बोट नेहमीपेक्षाही सावकाश सरकते. काही ठिकाणी कालवा इतका चिंचोळा आहे की एकच बोट जाते. तिथे मुलाला पुढे पायी पाठवा, त्याने हात केला की मग निघा. लँगॉलनच्या पुढे इंजिनाच्या बोटी नेता येत नाहीत. बंधाऱ्यापर्यंत काठाकाठाने चालत जा. गुडघ्यांना चालेल अशी सपाट वाट आहे, आणि त्या टप्प्यावर घोड्याने ओढलेली बोटही चालते. नातवाला ती नक्की दाखवा. इंजिन येण्याआधी सगळ्या बोटी अशाच चालत, आणि काठाची ती वाट मुळात घोड्यांसाठीच केलेली आहे.

दुसऱ्या बाजूला चर्कचा जलसेतू, त्याला लागून बोगदा आणि पुढे एल्समिअर गाव. चर्कचा सेतू 1801 चा आणि त्याच्या शेजारी, त्याहून उंच, रेल्वेचा पूल. बोटीतून जाताना शेजारून, डोक्याच्याही वरून गाडी जाते. एल्समिअरला गावाला लागून मोठं तळं आहे. ट्रेव्हर ते एल्समिअर या सगळ्या वाटेत लॉक फक्त दोन, न्यू मार्टनचे. आधी लँगॉलन, मग उलट फिरून एल्समिअर, तिथून परत ट्रेव्हर, अशी सगळी मिळून चाळीसेक मैलांची वाट होते आणि लॉक जाता-येता चार. चिंचोळ्या जागांचा आणि उलट्या पाण्याचा वेळ धरला तरी दिवसाला तीन-साडेतीन तास. सकाळी नाश्ता झाल्यावर निघा, दुपारी जेवायला थांबा, वाटलं तर पुन्हा तासभर पुढे जा, नाही तर नका जाऊ. त्याच्या पुढे ग्रिंडली ब्रूकला सहा लॉक आहेत, त्यातले तीन जिन्यासारखे एकाला एक जोडलेले. तिथपर्यंत जाण्याचा मोह यजमानांना होईल. या वेळी नको.

एक तोटाही सांगते. हा कालवा सगळ्यांना आवडतो, त्यामुळे गर्दी असते, आणि मे महिन्याच्या शेवटी तिकडे शाळांना आठवड्याची सुट्टी असते तेव्हा तर जास्तच. पण नातवासाठी तुम्हाला बहुतेक तोच आठवडा घ्यावा लागेल. मग सकाळी लवकर निघायचं आणि दुपारी तीन-चारपर्यंत बोट बांधून मोकळं व्हायचं. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, उरलेला सगळा वेळ काठावर. आणि बुकिंग लवकर करा. आपल्याला हव्या त्या बोटी आधी जातात.

बोट निवडताना कंपनीच्या माहितीपत्रकात "सहा जणांसाठी" असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. या नॅरोबोटी सात फुटांहूनही अरुंद असतात, कारण तिकडचे जुने लॉकच सात फुटी. आतून रेल्वेच्या डब्यासारखी रचना, एकामागे एक खोल्या. "सहा जण" म्हणताना बहुधा दोन जण जेवणाच्या टेबलाची घडी घालून केलेल्या पलंगावर धरलेले असतात. तो पलंग रोज रात्री घालायचा, रोज सकाळी काढायचा, आणि त्यावर झोपणारा उठल्याशिवाय कोणाला चहा नाही. तुम्ही पाच जण आहात, तर सहा-आठ जणांची बोट घ्या आणि तीन गोष्टी फोनवर विचारा. कायमचे पलंग किती? स्वच्छतागृहं दोन आहेत का? आणि मागचा भाग कसा आहे? मागे मोकळा चौक असलेली बोट घ्या, म्हणजे जो चालवतोय त्याच्याजवळ बाकीच्यांना उभं राहता येतं. जुन्या धाटणीच्या बोटीत मागे एकाच माणसापुरती जागा असते, चालवणारा एकटा पडतो. तुमच्या गुडघ्यांसाठी आत उतरायच्या पायऱ्या किती आणि किती उभ्या, हेही विचारा. न लाजता विचारा.

मोठ्या कडक बॅगा मुलाच्या घरी ठेवा. बोटीत त्या ठेवायला जागाच नसते. घडी होणाऱ्या कापडी पिशव्या न्या. बोट चालवणारा उघड्यावर असतो, तेव्हा पावसाचा चांगला कोट आणि ओल्या दोरांसाठी हातमोजे. गरम पाणी इंजिन चालल्यावर तापतं, म्हणून आंघोळी बोट थांबल्यावर, संध्याकाळी. रात्री आठनंतर इंजिन चालू ठेवायचं नसतं, तेव्हा फोन दिवसाच चार्ज करून घ्या. पाच माणसांना पाण्याची टाकी रोज किंवा दिवसाआड भरावी लागेल. नळाशी बोट लावली की तासभर गेला असं समजा. तो तास मला आवडतो. कोणाला काही करायचं नसतं, फक्त नळी सोडलेली असते.

आता तुमचा खरा प्रश्न. "मला नुसतं बसायचंही नाही."

ताई, टिलर तुम्ही धरा.

घरच्यांना हे विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे सुकाणू पुरुषाच्या हातात आणि बाई आत स्वयंपाकाला, असं गृहीत धरलेलं असतं. पण लॉकवर धावपळ कोणाची होते ते बघा. बोटीतून उतरायचं, काठाची चढण चढायची, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडायच्या, फाटकाच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून ती रेटायची, पुन्हा पलीकडे जायचं. हे काम तरुण पायांचं, मुलगा-सुनेचं. टिलर धरणारा माणूस एका जागी उभा असतो. त्याला ताकद लागत नाही, लक्ष लागतं. इंग्लंड-वेल्समध्ये भाड्याच्या बोटीला परवानाही लागत नाही. कंपनीचा माणूस निघताना तास-दीड तास शिकवतो. त्या वेळी तुम्ही आणि मुलगा दोघंही त्याच्याजवळ उभे राहा. शिकणारा एकच असेल तर तो आठवडाभर अडकतो.

टिलर डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. पहिला अर्धा तास हात चुकतो, मग अंगवळणी पडतं. दुसरं, बोट नाकापासून वळत नाही, मधूनच फिरते. नाक उजवीकडे गेलं की शेपूट डावीकडे जातं. तिसरं, ब्रेक नसतो. थांबायचं तर उलटा गिअर, आणि तोही बराच आधी. कमाल वेग ताशी 4 मैल, साडेसहा किलोमीटरच्या आसपास, पण प्रत्यक्षात तीनच्या वर क्वचित जाल. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना तर इंजिन अगदी मंद करायचं. नाही तर तुमच्या पाण्याच्या ओढीने त्यांचे दोर ताणले जातात, खुंट्या उपटतात, आणि आत चहा घेत बसलेल्या माणसाच्या कपातून चहा सांडतो. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे. आणि काहीही झालं तरी काठ आणि बोट यांच्यामध्ये हात-पाय घालायचा नाही. बोट पंधरा-वीस टनांची असते. ती आपटली तर आपटू द्या, लोखंडाची आहे.

लॉकमध्ये एकच धोका मी तुम्हाला घोकून ठेवायला सांगेन. खाली उतरताना, म्हणजे लॉकमधलं पाणी कमी होत असताना, मागच्या फाटकाच्या पायथ्याशी दगडी पायरी उघडी पडते. तिची खूण लॉकच्या भिंतीवर पांढऱ्या रेघेने केलेली असते. बोटीचं शेपूट त्या रेघेच्या पुढे हवं. ते पायरीवर अडकलं तर मागचा भाग वर लटकतो, पुढचा खाली जातो, आणि बोट बुडते. म्हणून उतरताना दोर बांधून ठेवायचे नाहीत, आणि झडपेवरच्या माणसाने डोळे तुमच्यावर ठेवायचे, फोनवर नाही. तुम्ही हात वर केला की झडप बंद, प्रश्न नंतर. हा नियम निघण्याआधी पाचही जणांत पक्का करा. आणि झडप फिरवायचा विंडलस, म्हणजे ती वाकडी चावी, काम झाल्यावर दांड्यावर तशीच ठेवायची नाही. अडक सुटली तर ती गरगर फिरते आणि उडून लागते.

फाटक मात्र अंगाच्या जोराने उघडायचा प्रयत्न कोणी करू नये. यजमानांना ही गोष्ट माहीत असेल, नातवाला ती दाखवा. दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीला येईपर्यंत ते फाटक हत्तीलाही हलत नाही. दोन बोटांचा फरक असला तरी नाही. तुळईला पाठ टेकून उभं राहायचं, पाण्याचा आवाज बारीक होत जातो, मग थांबतो, आणि एका क्षणी तुळई आपण न रेटता पाठीमागे किंचित सरकते. तेव्हा पाय रोवायचे. माझ्या भाच्याने पहिल्यांदा ते अनुभवलं तेव्हा तो ओरडला, "मावशी, ते आपणहून आलं!" तुमचा नातू नऊ वर्षांचा आहे, त्याला या कामाला जरूर घ्या, मोठ्या माणसाच्या शेजारी. पळायचं मात्र नाही, ओल्या दगडांवर तर नाहीच.

पोहता न येण्याबद्दल. कालवा बहुतेक ठिकाणी चार-पाच फुटांचा. माणूस पडलं तर उभं राहता येतं, हे माहीत असलं की निम्मी भीती जाते. लॉक मात्र खोल असतात आणि पाणी थंड असतं. कंपनीकडून लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बाहेर असाल तेव्हा घालाच, नातवाला तर बोटीबाहेर पाऊल टाकतानाही. कोणी पडलंच तर पहिलं काम इंजिन बंद करणं, म्हणजे बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखा थांबतो. मागोमाग उडी मारायची नाही. त्याला ओरडून सांगायचं, उभा राहा. मग दोर किंवा बांबू. कालव्याच्या पाण्यात हात गेले तर जेवणाआधी साबणाने धुवायचे, उंदरांमुळे त्यात रोगाचे जंतू असू शकतात.

मी हे सगळं इतक्या आग्रहाने लिहितेय त्याला कारण आहे. आमची पहिली सहल मीच आखली होती, रोज नऊ तासांची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला आम्ही लॉकच्या एका लांब रांगेच्या पायथ्याशी पोचलो. पाऊस सुरू होता. वर जाऊन थांबायचं असं तक्त्यात होतं, म्हणून आम्ही वर जायला निघालो. दीर झडपांवर होते, जाऊ फाटकावर, मी टिलरवर, आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर ओरडत होता. पाचव्या लॉकशी जाऊबाई घसरल्या. मनगट सुजलं. अंधारात जिथे जमलं तिथे बोट बांधली आणि न जेवता झोपलो. सकाळी जाऊबाईंच्या हाताला फडकं बांधताना त्या म्हणाल्या, "काल दिवसभरात मी तुझ्याशी लॉकशिवाय एक शब्द बोलले नाही." त्या तीन दिवसांतले माझे फोटो आजही आहेत. सगळ्यांत फाटकं आहेत, माणसं पाठमोरी आहेत. तक्ता तिथेच फाडला. उरलेल्या चार दिवसांत जिथे होतो तिथून सावकाश मागे फिरलो. जाऊ आणि मी रोज संध्याकाळी काठावर बसून, वीस वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो.

म्हणून यजमानांचा उत्साह मोडू नका, त्याला दुसरं काम द्या. नकाशा त्यांच्याकडे. पाणी कुठे भरायचं, बोट कुठे वळवायची, रात्री कुठे थांबायचं, हे त्यांनी बघायचं. रोज सकाळी इंजिनाचं तेल बघणं आणि पंख्याच्या दांड्यावरच्या ग्रीसच्या नळीला फिरकी देणं, हेही त्यांचंच. ते विसरलं तर बोटीत पाणी झिरपतं, तेव्हा काम जबाबदारीचं आहे. निघण्याच्या आधी 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट'च्या सूचना वाचणंही त्यांच्याकडे द्या. 2012 पासून इंग्लंड-वेल्समधले सुमारे 2000 मैलांचे जलमार्ग ही संस्था सांभाळते. कुठला लॉक दुरुस्तीला बंद आहे, कुठे पाणी कमी आहे, हे तिथे कळतं. कोरड्या वर्षी लॉकच्या वेळा कमी करतात, कारण एकदा लॉक उघडला की लाखाहून जास्त लिटर पाणी खाली जातं. समोरून बोट येत असेल आणि लॉक तिच्या बाजूने तयार असेल, तर तिला आधी येऊ द्यायचं, ते याच कारणासाठी. आवर्तनाचं पाणी जपणाऱ्या खात्यात राहिलेल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको.

त्यांच्या तक्त्यात तासांच्या जागी एकच रकाना राहू द्या, संध्याकाळी कुठे बांधली. आणि फोर काउंटीज रिंग त्यांच्या मनातून जाणार नाही, तर ती पुढच्या वेळेला ठेवा. दोन आठवडे घ्या, तेव्हा मुलाचे एक-दोन मित्रही बरोबर असू देत.

बोट बांधताना एक लक्षात ठेवा. काठाच्या वाटेच्या बाजूला जवळजवळ कुठेही थांबता येतं, मात्र वळणावर, पुलाखाली, लॉकजवळच्या उतरण्याच्या जागी, नळाशी आणि बोट वळवायच्या रुंद जागेत नाही. खुंट्या काठावर तिरक्या ठोकायच्या, बोटीपासून लांब झुकलेल्या. पुढचा दोर पुढे, मागचा मागे. पांढरी चिंधी किंवा पिशवी खुंटीला बांधा, म्हणजे सकाळी फिरायला येणाऱ्याचा पाय अडकत नाही.

बुकिंगचा फोन तुम्ही स्वतः करा, यजमानांना करू देऊ नका. ट्रेव्हर, मागे चौक असलेली बोट, कायमचे पलंग, दोन स्वच्छतागृहं, पायऱ्या किती. आणि शिकवायला येणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, की बोट मी चालवणार आहे.